आतल्या खोलीत काय होतं

दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुतार पुष्कळ होते, पण पेटीवाला म्हटलं की एकच. आठवडाभर तो चौकटी जोडायचा आणि सुटीच्या दिवशी जादूचे प्रयोग करायचा. कधी शाळेच्या सभागृहात, कधी कामगारांच्या संमेलनात, कधी कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला. पत्ते आणि नाणी त्याला कधीच जमली नाहीत. बोटं जाड, तळव्यांना रंध्याचे घट्टे. नाणं तळव्यात लपवायला गेला की ते घट्ट्यावरून घरंगळून खाली पडायचं आणि पहिल्या रांगेतलं एखादं पोर ते उचलून इमानदारीने परत द्यायचं. काही दिवस त्याने हे सोसलं. मग नाणी बाजूला ठेवली आणि पेटी बनवायला घेतली. लाकूड तरी त्याचं ऐकत होतं.

पेटीचा खेळ बघणाऱ्याला असा दिसायचा. चाकं लावलेल्या पाटावर एक मोठी पेटी. पाट पातळ, वीतभरसुद्धा जाड नाही. पेटीत त्याची बायको शिरायची, झाकण बंद व्हायचं, प्रेक्षकांतला एक जण येऊन कुलूप लावायचा आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालायचा. पेटीवाला पेटी गोल फिरवायचा. मग कुलूप काढून पेटीच्या चारही बाजू खाली पाडायच्या. आत कोणी नाही. लोक वाकून पाटाखालून बघायचे, तर पलीकडची भिंत दिसायची. बाजू पुन्हा उभ्या करून झाकण लावलं की आतून टकटक ऐकू यायची आणि बायको केस सावरत बाहेर यायची.

ती जायची पाटात. पाट पातळ दिसायचा, कारण त्याच्या कडा तिरप्या तासल्या होत्या आणि त्यांवर डोळा फसेल असे काळे-पांढरे पट्टे ओढले होते. मधोमध तो दिसायचा त्याच्या दुप्पट खोल होता. पेटीच्या तळाची फळी उचलून ती खाली सरकायची. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, उजवा हात अंगाखाली, मान वळवलेली. वर फळी बसायची आणि स्प्रिंगची खिटी लागायची. बाहेर यायच्या वेळी तिने आतून खिटी सरकवली की फळी मोकळी.

सांगायला सोपं आहे. ती फळी बसवायला त्याला अख्खा हिवाळा लागला. फट केसाएवढी जास्त राहिली, तर दिव्याच्या उजेडात रेघ दिसते. कमी राहिली, तर फळी अडकते. रोज कामावरून आल्यावर तो थोडं तासायचा, काचपेपर मारायचा, बसवून बघायचा, पुन्हा काढायचा. बायको त्या पोकळीत निजून सांगायची, "खांद्याला लागतंय. इथे अजून थोडं." ती एका शिंप्याकडे काजं करायची. दिवसभर मान वाकवून बारीक टाके घालायचे आणि संध्याकाळी घडी करून लाकडात शिरायचं. तिची कंबर किती दुखायची हे त्याने त्या काळात कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

पोकळीत पहिल्यांदा शिरण्याआधी त्याने तिला स्वयंपाकघरात उभं करून शपथ घ्यायला लावली होती. जादूगार मंडळात सगळेच घेत, तीच. "पाहिलं ते विसरलो, कळलं ते गिळलं."

"विसरले आणि गिळलं," ती म्हणाली. "लग्नाच्या वेळीसुद्धा माझ्याकडून एवढं वदवून घेतलं नव्हतं तुम्ही."

"हसू नकोस. हे घराबाहेर जाता कामा नये. तुझ्या भावाला नाही, शेजारणीला नाही, कुणाला म्हणजे कुणाला नाही."

"आणि मेल्यावर?"

"तेव्हाही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि शपथ घेतली. तिने ती त्याच्याहून नीट पाळली.

मंडळाची बैठक महिन्यातून एकदा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायची. बाहेर एक लांब दालन आणि त्याच्या टोकाला एक दार. दालनात कुणीही सभासद बसायचा. दारामागच्या खोलीत मात्र सात-आठ जणच जात. चहा झाला की ते उठायचे, एकेक करून आत जायचे आणि कडी लागल्याचा आवाज यायचा. बाहेरचे लोक कप विसळायचे आणि घरी जायचे. आत काय चालतं हे विचारायची पद्धत नव्हती. तिथे मोठमोठ्या जादूगारांच्या युक्त्या जपून ठेवल्या आहेत असं सगळे धरून चालत. आतले लोकही कधी नाही म्हणत नसत, नुसते गालात हसत.

एकदा त्या दाराची बिजागरी निखळली. सुतार मंडळातच होता, म्हणून त्यालाच सांगितलं. तो हत्यारं घेऊन गेला, तर दाराच्या आतल्या बाजूला जाड चादर टांगलेली. दार धरायला आतून दोघे जण उभे, चादरीच्या मागे. त्यांचे हात तेवढे दिसत होते.

"आत नजर नको हं, सुतारबुवा," चादर बोलली.

"मला बिजागरी दिसली तरी पुरे," तो म्हणाला. काम चोख केलं आणि खाली उतरला. पण त्या दिवसापासून ती खोली त्याच्या डोक्यात बसली. पेटीसारखी पेटी बनवायची आणि तिच्या जोरावर आत जायचं, हे त्याने ठरवून टाकलं. तिरप्या कडेची युक्ती जगात फक्त आपल्याला सुचली आहे, अशी त्याची खात्री होती.

मंडळाचे अध्यक्ष उंच, गोड बोलणारे, पूर्वी कुठेतरी हिशेबनीस होते. ते एकदा म्हणाले, "तुमची पेटी बघायला आम्ही येणार आहोत. आतल्या खोलीत एक खुर्ची रिकामी आहे." एवढं ऐकलं आणि सुताराची झोप उडाली.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. रंगमंच म्हणजे नुसता उंच कट्टा. समोर एक पडदा, बाजूला आडोसा नाही, मागे भिंत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्याला वाटलं, पाट जुना दिसतोय, मोठी माणसं येणार आहेत. म्हणून त्याने आतून-बाहेरून पॉलिशचा आणखी एक हात फिरवला. फळीच्या कडेलाही. इतकी वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाने हे करायला नको होतं. पॉलिश वरून सुकलं होतं, कडेला ओलसर होतं. पण पाट चकाकत होता आणि तो खूश होता.

पहिल्या रांगेत अध्यक्ष होते आणि त्यांच्या शेजारी घड्याळजी. हा आतल्या खोलीतला दुसरा माणूस. घड्याळं दुरुस्त करायचा आणि पत्ते असे फिरवायचा की बघणाऱ्याला आपल्याच डोळ्यांची लाज वाटावी.

खेळ अर्ध्यापर्यंत उत्तम झाला. पेटी रिकामी दिसली, टाळ्या पडल्या. त्याने बाजू उभ्या केल्या, झाकण लावलं आणि टकटक व्हायची वाट बघत उभा राहिला. टकटक झाली नाही. त्याऐवजी पाटातून अगदी हलका, नखाने ओरखडल्याचा आवाज आला. दोनदा. ही त्यांची ठरलेली खूण होती. अडकले.

त्याच्या कमरेच्या पट्ट्याला पटाशी होती. पडदा पाडायचा, पटाशी फटीत घालायची, एक हिसका द्यायचा. एवढंच काम. पण पडदा मध्येच पाडला म्हणजे खेळ फसला आणि पाट उघडला म्हणजे गुपित गेलं. पहिल्या रांगेत अध्यक्ष पायावर पाय टाकून बसले होते. त्यांनी मान किंचित तिरपी केली होती.

पेटीवाला लोकांकडे वळला. "बाई गेल्या," तो म्हणाला. "कुठे गेल्या ते त्या परत आल्या की त्यांनाच विचारू. तोवर घरात शांतता आहे, तेवढ्यात मी चार खेळ करून घेतो."

सभागृह हसलं. त्याने दोरीचे खेळ काढले, मग रुमालांचे, मग अंड्याचा. जे येत होतं ते सगळं केलं. पाटाजवळच उभा राहून केलं. मधे एकदा पुन्हा नख ओरखडलं. त्याने आवाज चढवला. नंतर आवाज आला नाही, तेव्हा त्याला हायसं वाटलं. ती सावरून निजली असेल, असं त्याने मनाला सांगितलं.

शेवटी पडदा पडला. त्याने पटाशी हातात घेतली, तोच पडद्याच्या फटीतून अध्यक्ष आणि घड्याळजी वर आले. पटाशी त्याने पाठीमागे धरली.

"पेटीवाले, बाई आल्याच नाहीत की परत," अध्यक्ष म्हणाले.

"घरी गेल्या असतील."

"फार भराभर जातात." अध्यक्ष हसले आणि पाटाच्या कडेवर टेकले. तिरप्या कडेवरून बोट फिरवलं. "पॉलिश छान आहे. कुठलं वापरता?"

त्याने पॉलिशचं नाव सांगितलं.

"किती हात?"

"तीन. काल चौथा दिला."

"चौथा," अध्यक्ष म्हणाले. "बरं."

घड्याळजी उभाच होता. तो पाटाकडे बघत होता, सुताराकडे नाही. "अध्यक्ष, चला. त्यांना आवरायचं असेल."

"आवरतील हो. घाई कसली? खेळाच्या मधल्या भागाबद्दल थोडं बोलायचं होतं." आणि ते बोलत राहिले. दोरीचा खेळ थोडा संथ करावा, रुमाल कमी असावेत. सुतार हो म्हणत राहिला. त्याच्या पायाशी, टाचेपासून हातभर अंतरावर, त्याची बायको लाकडात मिटून निजली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिने हूं केलं नाही.

ते दोघे गेल्यावर त्याने फळी उखडली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने तिला उचलून बसवलं. उजवा हात तिच्या मांडीवर पडला आणि तसाच राहिला.

"मुंग्या आल्या असतील," तो म्हणाला.

"मुंग्या असत्या तर चावल्या असत्या. इथे काहीच नाही. हा हात माझा नाहीच असं वाटतंय." मग श्वास घेऊन म्हणाली, "मी आवाज केला नाही. ते वर बसले होते ना, तेव्हाही नाही."

"नाही केलास," तो म्हणाला. त्या क्षणी त्याला तिचा अभिमान वाटला. ही गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचली.

सकाळी मनगट लटकत होतं. बोटं वर होत नव्हती. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तिने नवऱ्याकडे बघितलं.

"जिन्यावरून पडली," तो म्हणाला.

"पडले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. हाड मोडलं नव्हतं. आतून मुरगळलं असेल म्हणून त्यांनी हात कोपरात दुमडून छातीशी घट्ट बांधला आणि हलवू नका म्हणाले. हात हलवला नाही. आठवडे गेले. बोटं आणखी वळली. शिंप्याने आधी काजं थोडी कमी पाठवली, मग दुसरी बाई बघितली. त्याचंही चुकलं नाही, त्याला कपडे वेळेवर द्यायचे होते.

तिचा धाकटा भाऊ भेटायला आला. हातातली फळांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याने बहिणीला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"दाजी, ताई जिन्यावरून पडली म्हणता."

"हो."

"मग खरचटलं कुठेच नाही?"

"नशीब म्हणायचं."

"आमच्या ताईला जिना चढता येतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. उतरताही येतो." तो बहिणीकडे वळला. "तू सांग ना, ताई."

"पडले म्हटलं ना," ती म्हणाली. "पेरू कापून दे मला. एका हाताने कापता येत नाही."

भावाने पेरू कापला. जाताना दारात त्याने सुताराला हळूच सांगितलं, "मी येत जाईन अधूनमधून. न सांगता येईन." त्याच्या मनात काय आहे ते सुताराला कळलं. त्याला राग आला नाही, उलट वाटलं, गुपितासाठी माणसाला किती सोसावं लागतं. असं वाटण्यात एक सुख होतं. ते सुख त्याने घेतलं.

मग ते मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, बोलायला तुटक. त्यांनी पट्टा सोडला, मनगट उचलून सोडून बघितलं, टाचणी टोचून बघितली.

"हा हात कशाखाली दबला होता का? बराच वेळ?"

"नाही," तो म्हणाला. तिच्या आधी म्हणाला.

"मी यांना विचारलं."

"नाही," ती म्हणाली.

"हे बघा. पडून झालेली इजा वेगळी आणि शीर दबून झालेली वेगळी. उपाय वेगळे आहेत. शीर दबली असेल, तर हा हात असा बांधून ठेवणं चूक आहे. आणि शीर काही तुमच्यासाठी थांबून राहणार नाही. मला नक्की काय ते कळलं पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो बाकावर बसला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तोंडावर विचित्र हसू होतं.

"काय विचारत होत्या?"

"तुम्ही मला मारता का ते."

"मग?"

"नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही." ती थोडा वेळ चालत राहिली. "अहो, त्यांना सांगूया का? एकट्या त्यांनाच."

आजवर तिने एवढंच मागितलं होतं. तो म्हणाला, "अध्यक्षांना विचारतो."

विचारायला तो लगेच दुसऱ्या दिवशी गेला. अध्यक्ष घराच्या पडवीत कुंड्यांना पाणी घालत होते. त्याने नाव न घेता सगळं सांगितलं. एका जादूगाराच्या घरात असं झालं, वैद्यकीय कारण आहे, तर डॉक्टरांना सांगितलं तर चालेल का?

"डॉक्टर खेळ बघायला येतात की नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"येत असतील."

"म्हणजे प्रेक्षकच. आज तुम्ही एका प्रेक्षकाला सांगाल, उद्या तो त्याच्या घरी सांगेल." त्यांनी झारी खाली ठेवली. "पुढच्या बैठकीत तुमचं नाव आहे, पेटीवाले. आत या. मग आपण सगळे बसून बघू."

बैठकीला तीन आठवडे होते. तो थांबला. आत गेलो की परवानगी मिळेल, मग नियमाने सांगता येईल, असा त्याने हिशेब केला. घरी त्याने बायकोला तेच सांगितलं. ती म्हणाली, "थांबू या की मग." ते तीन आठवडे रोज सकाळी तो तिची वेणी घालायचा आणि पडल्याचं सांगितलं होतं म्हणून हात तसाच बांधून द्यायचा. घट्ट, सुताराच्या हाताने.

बैठकीच्या दिवशी चहा झाल्यावर अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दार उघडलं. त्याला आधी दिसली ती दाराची आतली बाजू. बिजागऱ्या अजून घट्ट होत्या. मग खोली. अरुंद, खिडकीच्या काचांना कागद चिकटवलेला. एक लोखंडी कपाट, एकीला दुसरी न जुळणाऱ्या खुर्च्या, एक किटली. बाहेरच्यापेक्षा बरा चहा आत मिळायचा, एवढा एक फरक त्याला लगेच जाणवला.

नव्या माणसाने आपली युक्ती आधी सांगायची, अशी रीत होती. त्याने उभं राहून सुरुवात केली. पाटाची जाडी, तिरप्या कडा, पट्टे. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तो एकेक शब्द जपून बाहेर काढत होता. तो पट्ट्यांपर्यंत आला, तर एक म्हातारे सभासद किटलीतून चहा ओतत म्हणाले, "आणि मधोमध दुप्पट खोल."

"हो," तो म्हणाला. "तुम्हाला कसं..."

म्हाताऱ्यांनी कपाट उघडून पुठ्ठ्याचं एक छोटं खेळणं काढलं. पाट, तिरप्या कडा, मधे पोकळी, पोकळीत लाकडी बाहुली. बाहुली उजव्या कुशीवर निजलेली. पुठ्ठा जुना होऊन पिवळा पडला होता.

"हे आमच्या गुरूंच्या आधीपासूनचं आहे," म्हातारे म्हणाले. "तुम्ही आपल्या डोक्याने केलंत, त्याचं कौतुक आहे. फक्त एक राहिलं तुमच्याकडून." त्यांनी पाटाच्या मागच्या बाजूची एक बारीक खुंटी दाखवली. "ही पायाने दाबायची. आतली फळी अडकली, तर बाहेरून सुटते. या फळ्या अडकतातच. लाकूड आहे."

सुताराने खुंटी दाबली. पुठ्ठ्याची फळी टपकन वर आली.

"मला हे कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही बाहेर होतात," अध्यक्ष म्हणाले. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं.

"त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुमची फळी अडकली, हे आम्हाला लगेच कळलं. म्हणून तर वर आलो. माणूस काय करतो ते अशाच वेळी कळतं. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. इथे सगळ्यांनी एकमताने तुम्हाला घेतलं, ते त्यामुळे. पेटीमुळे नाही."

घड्याळजी खिडकीच्या कागदाकडे बघत होता. "मी चला म्हटलं होतं," तो म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने ते पुन्हा म्हटलंही नाही.

सुताराने परवानगी मागितली नाही. खुर्चीवर बसला, चहा प्यायला, शपथेचे शब्द पुन्हा म्हटले. नंतर जिना उतरताना त्याला आठवेना की आपण कप विसळला की तसाच ठेवला.

घरी बायको दारातच उभी होती. "झालं?"

"झालं."

"आत काय होतं हो?"

तो चपला काढायला वाकला होता. सांगायला फार शब्द लागत नव्हते. काही नव्हतं. आपलंच होतं, पुठ्ठ्याचं. आणि एक खुंटी होती. एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते त्याच्या जिभेवर येईना.

"शपथ आहे," तो म्हणाला.

"हो की," ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. "मोठंच असणार काहीतरी."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात खाडा करून तो तिला घेऊन इस्पितळात गेला. डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहून त्याने सगळं सांगितलं. पाट, पोकळी, उजवी कूस, अडकलेली फळी, वर बसलेले पाहुणे. टेबलावर बोटाने आकृती काढून दाखवली. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"हे त्या दिवशी सांगितलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या, "तर पट्टा तेव्हाच सोडला असता. मनगट वर उचलून धरणारी फळी लावली असती, बोटांना व्यायाम दिला असता. आता शीर किती उरली आहे ते बघू."

बायको डॉक्टरीणबाईंकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही सांगून टाकलंत?" ती म्हणाली. "मग मी कशाला गप्प बसले?"

यावर खरं उत्तर एकच होतं आणि ते त्याला देता आलं नाही. तो म्हणाला, "आतल्यांनी परवानगी दिली. अध्यक्ष स्वतः म्हणाले, हात आधी."

तिचा चेहरा निवळला. "बघा, आहेत माणसं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "अध्यक्षांना माझा निरोप सांगा. आभारी आहे म्हणावं."

हात अर्धा आला. मनगटाची फळी सुताराने स्वतः बनवली. तिच्या हाताच्या मापाने घासून, आतून कापूस लावून. इतकं नेटकं काम त्याने पेटीवरही केलं नव्हतं. अंगठ्यात थोडी पकड आली. कप धरता येऊ लागला, कडी काढता येऊ लागली. सुई नाही आली. काही महिने ती रोज सकाळी उजेडात बसून सुईत दोरा ओवून बघायची, मग सोडून दिलं. शिंप्याने तिचा जुना कात्रीचा डबा परत पाठवला, तो तिने माळ्यावर टाकायला लावला.

मंडळात तो पुन्हा गेला नाही. तिला सांगितलं, आता अंगात दम राहिला नाही. ती रागावली. "एवढं करून आत गेलात आणि खुर्ची रिकामी ठेवता?" पाट त्याने कारखान्यातल्या भट्टीत टाकला. मेहुण्याला त्यानेच खरं काय ते सांगितलं आणि तो पुढे न सांगता यायचा थांबला. स्वयंपाक, धुणं, भांडी सुतार करू लागला. आधी ती सांगायची तसं, मग न सांगता. रोज कामावरून येऊन करायचा, थकला तरी करायचा. त्याने काही फिटत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी भांडं घासायचं असतंच.

तो निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी अध्यक्ष वारल्याचं कळलं. सुताराला जायचं नव्हतं. तीच म्हणाली, "असं कसं? त्या माणसाने माझ्या हातासाठी नियम मोडला. मी जाणार."

अध्यक्षांची बायको बारकी, शांत बाई होती. पडवीत कुंड्या तशाच होत्या, पाणी घातलेल्या. दोघी आत एकमेकींजवळ बसल्या. सुतार दाराशी खुर्चीवर.

"तुमच्या यजमानांचे उपकार आहेत माझ्यावर," बायको म्हणाली आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला. "डॉक्टरांना सांगायची परवानगी त्यांनी दिली, म्हणून एवढा तरी आला."

"असं का?" ती बाई म्हणाली. "मला कधी बोलले नाहीत. मला ते कधीच काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं मी त्यांचे रुमाल धुतले. एकेका रुमालाला चार-चार खिसे असायचे. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, तू धू." ती जराशी हसली. "त्या खोलीत काय करायचे हो हे सगळे? तुम्हाला ठाऊक आहे?"

"छे. यांनी तरी कुठे सांगितलंय मला? शपथ आहे."

मग दोघींनी दाराकडे बघितलं. त्या बाईच्या डोळ्यांत कुतूहल नव्हतं. नवरा गेला होता आणि तिला नुसतं कळून घ्यायचं होतं, तो संध्याकाळी कुठे असायचा.

"चहा प्यायचो," सुतार म्हणाला.

दोघी हसल्या. "बघा," त्याची बायको म्हणाली. "अजून तोंड उघडत नाहीत."

"आमच्या यांचंही असंच," ती बाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

परत येताना तिची पिशवी त्याच्याकडे होती. रस्ता चढाचा होता, दोघे सावकाश चालत होते. एका झाडाखाली ती दम घ्यायला थांबली. तो म्हणाला, "ऐक. खरंच चहा प्यायचे. त्या दिवशी आत..."

"राहू द्या," ती म्हणाली.

"सांगतो ना."

"राहू द्या म्हटलं ना. इतकी वर्षं तुमच्या पोटात राहिलं, आता माझ्या पोटात कशाला?" ती त्याच्याकडे बघत नव्हती. डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून सरळ करत होती, रोज करायची तशी. बोटं पुन्हा वळत होती. "चला. ऊन वाढतंय."

तो तिच्या मागून चालू लागला. तिला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.